मोटरहोमचं वायरिंग बोटीसारखं हवं

आमची मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, बॉडी बांधणाऱ्या कंपनीकडून ताब्यात आली तेव्हा ‘स्मार्ट होम पॅकेज’ आत बसवलेलंच होतं. दार उघडलं की दिवे लागायचे, फोनवरून एसी सुरू व्हायचा, सांगितलं की पडदे सरकायचे. पुण्यात, त्यांच्या आवारात, सगळं झोकात चाललं. रत्नागिरीला आणल्यावर एका संध्याकाळी आरे-वारेच्या रस्त्याला गाडी काढली. एका वळणानंतर फोनची रेंज गेली आणि तिच्याबरोबर आतले दिवे, पंप, पंखा सगळंच गेलं. भिंतीवर साधी बटणं नव्हतीच. काचेची टच पॅनल होती, आणि ती आधी कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरला विचारायची, मग दिवा लावायची. सर्व्हरपर्यंत वाटच नाही म्हटल्यावर सासूबाईंना बाथरूमला नेलं ते मोबाइलच्या टॉर्चवर.

कंपनीला कळवलं. ‘नेटवर्क असेल अशा ठिकाणी गाडी लावा’ असं उत्तर आलं. किनाऱ्यावर हे उत्तर चालत नाही. खाडीच्या काठी, सुरूच्या बनात, घाटाच्या पोटात रेंज येते आणि जाते, आणि आम्हाला राहायचं असतं ते नेमकं तिथेच. शेवटी पॅकेज पूर्ण उतरवून सगळं नव्याने करायचं ठरवलं.

माझी नोकरी कंट्रोल पॅनलच्या कामात गेली. भोसरीच्या कारखान्यांत पीएलसीचे, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकांचे, प्रोग्रॅम लिहिले, पॅनल उभी केली, रात्री-अपरात्री बंद पडलेल्या लाइन सुरू करून दिल्या. त्यामुळे ऑटोमेशन म्हणजे काय हे मला नवीन नव्हतं. नवीन होती ती खारी हवा, आणि मोजून-मापून मिळणारी वीज. गाडी घेतली ती मुख्यतः सासूबाईंसाठी. त्या ऐंशीच्या घरात आहेत, गुडघे आणि बोटं संधिवाताने धरलेली. लॉजच्या पायऱ्या आणि अनोळखी मोऱ्या त्यांना जमत नाहीत, पण समुद्र हवा असतो. ऐषारामी गाडी म्हटलं की लोक सोफा आणि टीव्ही बघतात. आमच्या घरात ऐषारामाचा अर्थ एवढाच होता, की आईंना रात्री कुणालाही हाक न मारता उठता आलं पाहिजे.

पहिलं काम मोजणीचं. गाडीत घराच्या वापरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेटच्या दोन बॅटऱ्या आहेत, प्रत्येकी १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तास. दोन्ही मिळून ५.१२ युनिट वीज. या जातीच्या बॅटरीचा व्होल्टेज ८० टक्के भरलेली असताना आणि ४० टक्क्यांवर आलेली असताना जवळपास सारखाच दिसतो, त्यामुळे व्होल्टमीटर बघून काही कळत नाही. निगेटिव्ह बाजूला शंट बसवून जाणारा-येणारा करंट मोजत राहावा लागतो. तो बसवला आणि पहिल्याच रात्री मीटरसमोर बसून राहिले. दिवे बंद, एसी बंद, आत कुणी नाही, तरी मीटर चार अँपिअर दाखवत होता. म्हणजे पन्नासेक वॉट. चोवीस तासांचा हिशेब केला तर १.२ युनिट. बॅटरीचा जवळपास चौथा हिस्सा रोज, कुणी काहीही न वापरता.

शोधत गेले तसं कारण उघड झालं. पॅकेजमधली स्विच मॉड्यूल फ्लॅटसाठी बनलेली, २३० व्होल्टवर चालणारी. ती जागी राहावीत म्हणून इन्व्हर्टर रात्रंदिवस चालू ठेवलेला, आणि नुसता चालू राहायलाच तो तीसेक वॉट खात होता. वर प्रत्येक मॉड्यूलचा वायफाय रेडिओ एकेक वॉट घेत होता, अशी वीसेक मॉड्यूल. महावितरणच्या मीटरवर चालणाऱ्या घरात हे लक्षातही येत नाही. छतावरच्या ६०० वॉटच्या सोलर पॅनलवर जगणाऱ्या गाडीत मात्र येतं. जानेवारीच्या स्वच्छ उन्हात ती पॅनल आम्हाला दोन-अडीच युनिट देतात; जुलैच्या झडीत अर्धं-पाऊण युनिट मिळालं तरी आम्ही समाधान मानतो. अशा दिवशी मिळकतीच्या दुप्पट वीज नुसत्या सोयीच्या प्रतीक्षेत जळत होती.

वायरिंगसाठी माणूस शोधताना मी घरांचे इलेक्ट्रिशियन सोडले आणि मिरकरवाडा बंदरावर गेले. तिथे मासेमारी ट्रॉलरचं वायरिंग करणारे एक काका आहेत. इंजिन, दिवे, वायरलेस, फिश फाइंडर, सगळं बारा आणि चोवीस व्होल्टवर, आणि सगळं खाऱ्या पाण्यात. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली, छताची पट्टी उघडली आणि पंख्याकडे जाणारी एक वायर कापून माझ्या हातात दिली. टोकाला तांबं काळपट-हिरवं पडलं होतं. मग त्यांनी चाकूने इन्सुलेशन सोलायला सुरुवात केली. बोटभर सोललं, कळंक होताच. वीतभर सोललं, तरी होता. तारांच्या बारीक फटींतून ओल आत शोषली जाते आणि इन्सुलेशनखाली तांबं खात जाते, बाहेरून वायर नवीकोरी दिसते. गाडीने किनाऱ्यावर तोवर एक अख्खा पावसाळाही काढला नव्हता.

“वहिनी, ही घरातली वायर,” काका म्हणाले. “बोटीवर आम्ही हिला चढू देत नाही.”

मला जे सांगायचंय ते त्यांच्या या वाक्यात आहे. मोटरहोम ही छोटी सदनिका आहे असं समजून तिच्यात ऑटोमेशन घातलं की ते कोकणात टिकत नाही. तिला बोट समजायचं. बोटीत वीज मोजकी असते, हवा खारी असते, सगळं हादरत असतं, आणि काही बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस किनाऱ्यावर राहिलेला असतो.

मग सगळ्या वायरी उपसल्या. नव्या घातल्या त्या कथिल चढवलेल्या तांब्याच्या, बारीक तारांच्या, लवचीक. जोड डाख (सोल्डर) देऊन करायचे नाहीत, यावर काका ठाम होते. डाख वायरीत वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो आणि हादऱ्याने नेमका तिथेच तुटतो. प्रत्येक टोकाला लग, म्हणजे धातूचं टोक, दाबून बसवायचा, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. ती तापवली की कडेने गोंदाचा बारीक थेंब बाहेर येतो. थेंब सगळीकडून दिसला नाही तर काका ती स्लीव्ह कापून टाकायचे आणि दुसरी लावायचे. वायर पेटीत नेहमी खालून शिरवायची, आणि शिरवण्याआधी तिला झोळ द्यायचा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, पेटीत जात नाही. मुख्य फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत. लिथियमच्या बॅटरीतून शॉर्टमध्ये हजारो अँपिअर निघू शकतात, त्यामुळे फ्यूजही तेवढा करंट तोडू शकणाराच हवा.

गाडीच्या मूळ वायरिंगला आम्ही हात लावला नाही. इंजिनची बॅटरी वेगळी, घराच्या वेगळ्या, मध्ये पहिलीवरून दुसऱ्या भरणारा डीसी-डीसी चार्जर. बऱ्याच बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर व्होल्टेज आपल्या मर्जीने वर-खाली करतो, सरळ जोडणी दिली तर लिथियम नीट भरत नाही. शिवाय मोटर कॅराव्हॅनला एआयएस-१२४ हे मानक आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीनंतर मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. आमचं सगळं काम घराच्या बाजूचं, बारा व्होल्टचं.

यापुढचं काम माझं. गाडीत चार ठिकाणी चार हवाबंद पेट्या बसवल्या: बाथरूमपाशी, स्वयंपाकाच्या ओट्याखाली, पलंगाखाली आणि छताजवळ. प्रत्येकीत ईएसपी-३२ नावाचा एक छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यावर आर्द्रतेपासून वाचवणारं लाखेसारखं लेपण. या पेट्या एकमेकींशी बोलतात त्या वायरीवरून, कॅन बसवर. बॉशने १९८०च्या दशकात मोटारींसाठी काढलेली ही पद्धत. अमेरिकेतल्या मोटरहोममध्ये हिच्यावरच बेतलेली आरव्ही-सी नावाची भाषा वापरतात. पिळलेल्या दोन तारा आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर. वीज बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला आणि ६० ओहम दिसले की लाइन धड आहे. १२० दिसले तर कुठेतरी एक टोक सुटलंय. वायफायवरचं बिघडलेलं उपकरण शोधण्यात संध्याकाळ जाते, इथे एका आकड्यात कळतं. म्हणूनच मी वायर निवडली. दारं-खिडक्यांचे आणि तापमानाचे सेन्सर तेवढे झिगबी या कमी विजेच्या वायरलेस पद्धतीचे ठेवले, कारण ते नाण्याएवढ्या सेलवर वर्षभर काढतात.

सगळ्यांवर देखरेख करायला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि त्यावर होम असिस्टंट. २०१३ साली पॉलस शाउटसेन यांनी सुरू केलेली ही मुक्त प्रणाली आपल्याच यंत्रावर चालते, दिवा लावायला बाहेर कुणाला विचारत नाही. ती चारेक वॉट घेते. पेट्या आणि राउटर धरून गाडी आता रिकामी उभी असताना बारा वॉटच्या आत असते, म्हणजे दिवसाला तीनशे वॉट-तासांपेक्षा कमी. इन्व्हर्टर लागेल तेव्हाच जागा होतो.

पण या प्रणालीवर काहीही अवलंबून ठेवायचं नाही, हा नियम मी सुरुवातीलाच घालून घेतला होता. प्रत्येक दिव्याला, पंपाला, पंख्याला भिंतीवर एक खरं बटण आहे, दाबलं की ‘टक’ असं वाजणारं. ते बटण त्या त्या पेटीतल्या लॅचिंग रिलेला, म्हणजे विजेने हलणाऱ्या स्विचला, थेट हुकूम देतं. हा रिले एकदा बसला की धरून ठेवायला वीज लागत नाही. वरची प्रणाली फक्त बघते आणि जमेल तिथे मदत करते. काम झाल्यावर रास्पबेरी पाय काढून कपाटात ठेवला आणि आम्ही गणपतीपुळ्याला तसेच राहून आलो. कुठेही अडलं नाही. बोलून आज्ञा द्यायची सोय मी मुद्दाम घेतली नाही. मराठी चांगली समजणाऱ्या बहुतेक सेवांना नेट लागतं, आणि आईंना भिंतीशी बोलायचं नाहीच, त्यांना बटण हवं. त्यांच्यासाठी दोन इंच रुंदीची बटणं लावली, तळव्याने दाबता येतील अशी.

आता त्या रात्रीच्या वाटेबद्दल. यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो गेला याचं मला समाधान आहे. पलंगाच्या कडेला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, हालचाल ओळखणारा सेन्सर आहे. आईंचे पाय खाली आले की पलंगाखालची पिवळसर पट्टी हळूहळू, दोन सेकंदांत, दहा टक्क्यांवर येते. एकदम लागलेला दिवा त्यांच्या डोळ्यांवर येतो आणि त्या थबकतात. थबकल्या की तोल जातो. पट्टी बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत जाते, उंबऱ्यावर वेगळा दिवा आहे, कारण पाय अडखळतो तो तिथे. त्याच वेळी पाण्याचा पंप सुरू होतो. एरवी रात्री तो बंद असतो, नाहीतर नळ थेंबथेंब गळत असला तरी मध्येच घरघरतो आणि सगळे जागे होतात. आई परत येऊन आडव्या झाल्या की दोन मिनिटांनी सगळं विझतं. बाथरूममध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला तर माझ्या उशाशी एक छोटा बझर वाजतो. तो बसवण्याआधी मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “वाजू दे. पण किती वेळ ते मी ठरवणार.” त्यांनी सांगितलेलीच वेळ घातली आहे.

गॅसच्या बाबतीत मी ऑटोमेशनवर मुळीच भिस्त ठेवली नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साठतो, म्हणून त्याचा डिटेक्टर पायाशी बसवायचा. फ्लॅटमधल्या सवयीने तो छताजवळ लावलेला होता. सिलिंडरपाशी अशी झडप आहे की वीज असेल तरच उघडी राहते. वीज गेली, डिटेक्टर वाजला किंवा इग्निशन चालू झालं की बंद. डिटेक्टरपासून झडपेपर्यंत सरळ वायर आहे, मध्ये कुठलाही प्रोग्रॅम नाही.

पाण्याची टाकी हा किरकोळ वाटणारा, पण डोकं खाणारा विषय. आत सळ्या सोडलेले सेन्सर विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांनी काही महिन्यांत माखतात. मी टाकीच्या तळाशी, मध्यावर, दाबाचा सेन्सर लावला. दहा सेंटिमीटर पाण्याला साधारण एक किलोपास्कल दाब, एवढं सरळ गणित. मध्यावर असल्यामुळे गाडी थोडी कलली तरी आकडा फारसा फसत नाही. कल मोजायला वेगळा सेन्सर आहे, आणि तो नुसते अंश सांगत नाही. दोन चाकांमधलं अंतर पावणेदोन मीटर धरलं तर दोन अंशांच्या कलाला सहा सेंटिमीटरची फळी लागते. स्क्रीनवर ‘डावं मागचं चाक, ६ सेंमी’ असं येतं. नवरा फळी सरकवतो, गाडी एकदा पुढे घेतो, झालं.

एसीवर मात्र तडजोड आहे आणि ती मान्य करूनच गाडी घ्यावी. बाराशे वॉट बारा व्होल्टवरून काढायचे म्हणजे शंभर अँपिअरच्या वर करंट. खोली गार झाल्यावर आमचा इन्व्हर्टर एसी सहा-सातशे वॉटवर येतो आणि भरलेल्या बॅटरीवर पाचेक तास चालतो. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातली रात्र त्याहून लांब असते. म्हणून बॅटरी ३० टक्क्यांवर आली की एसी थांबतो, छतावरचा पंखा लागतो आणि समुद्राच्या बाजूची खिडकी उघडा असा दिवा लागतो. त्या खिडकीला मोटर लावायला मी तयार होते, नवऱ्याने ती हातानेच उघडायची ठेवली.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तरी आम्ही बहुतेक वेळा थांबतो ते कुणाच्या तरी वाडीत, घरगुती निवासाच्या आवारात. तिथून वीज घ्यायची तर दोन गोष्टी बघाव्या लागतात. कोरड्या जांभ्याच्या कातळात अर्थिंग चांगलं मिळणं कठीण, म्हणून आधी अर्थिंग तपासल्याशिवाय आमचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा स्विच, बाहेरची वीज आत घेतच नाही, आणि घेतली की करंट गळताच वीज तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून. दुसरं, वायरीच्या टोकाला व्होल्टेज पडतो. २०० च्या खाली गेला की चार्जर आपला करंट आपणहून कमी करतो. वेळणेश्वरला एका घरी संध्याकाळी पंप चालू झाला तसा व्होल्टेज १९०पर्यंत आला होता. आमचा चार्जर लगेच मागे सरला, त्यांचे दिवे मंदावले नाहीत. पाहुण्याने यजमानाच्या घरात एवढं तरी पाळावं.

वेळणेश्वरला आम्ही जयगडहून तवसाळची फेरीबोट धरून गेलो होतो. बोटीवर गाडी चढताना समोरून वर, मग एकदम खाली कलते. डेकवर इंजिन बंद करायचं असतं. आधीच्या पॅकेजमध्ये इंजिन बंद झालं की पायरी आपोआप बाहेर यायची. फेरीबोटीवर शेजारी वीतभर अंतरावर दुचाक्या आणि माणसं उभी असतात, हे डोळ्यांसमोर ठेवून मी पायरी प्रोग्रॅममधून पूर्ण काढली. ती फक्त दाराच्या आतल्या बटणावर येते. इंजिन सुरू झालं की आत घेणं मात्र आपोआप. बाहेरच्या कनातीलाही तसंच: उघडायची हाताने, आत जायची स्वतः. दुपारी समुद्रावरून वारा भरला की कापड फडफडायला लागतं, काठीवरच्या सेन्सरला ते आपल्याआधी कळतं.

एक काम अजून राहिलंय. छतावरच्या पंख्याचं झाकण पावसात आपोआप मिटतं, पण तिथला पावसाचा सेन्सर दोन पट्ट्यांमधली ओल ओळखणारा आहे. किनाऱ्यावर त्याच्यावर मिठाचा पातळ थर बसतो, पहाटेच्या दवाने तो ओला होतो आणि कोरड्या हवेतही झाकण मिटतं. सध्या गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून भागवतोय. मोटारीच्या पुढच्या काचेला असतो तसा, इन्फ्रारेड प्रकाशाने थेंब ओळखणारा सेन्सर मागवला आहे. काका म्हणतात नारळी पौर्णिमेआधी बसवू, मग त्यांच्या बोटी समुद्रात जातात आणि त्यांना वेळ नसतो. त्याच दिवशी पलंगाखालची पेटी उघडून आतले लग बघायचेत.